तरुण तारा ओळखायचा कसा?

प्रश्न : पन्हाळ्यावरून दुर्बिणीतून मृगातला तेजोमेघ पाहिला. त्यातले नवजात तारे कसे ओळखतात? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तरुण ताऱ्यावर भोवतालच्या तबकडीतला वायू कोसळत असतो आणि तापलेल्या हायड्रोजनमुळे वर्णपटात ६५६.३ नॅनोमीटरला तांबडी रेषा उजळते. प्रत्येकाचा वर्णपट घेणे वेळखाऊ, म्हणून या रेषेपुरताच प्रकाश सोडणाऱ्या अरुंद फिल्टरमधून आणि रुंद लाल फिल्टरमधून शेकडो तारे मोजतात. आपल्याच रंगाच्या इतर ताऱ्यांपेक्षा जो अरुंद फिल्टरमध्ये अधिक तेजस्वी भरतो, तो संशयित. मृगात पंचाईत अशी, की तेजोमेघही याच रेषेत झळकतो, त्यामुळे ती पार्श्वभूमी काटेकोरपणे वजा करावी लागते. शिवाय वयस्क लाल खुजे तारेही चुंबकीय सक्रियतेमुळे हीच रेषा दाखवतात. मात्र ६७०.८ नॅनोमीटरला लिथियमची ठळक रेषा सापडली, तर शंका बरीच फिटते, कारण अशा लहान ताऱ्यांच्या पोटात लिथियम फार काळ टिकत नाही.