बागेत एकटाच खेळतो, त्याला मुलांत ढकलू का?

तुम्ही लिहिलंय की ऑटिझम असलेला तुमचा सहा वर्षांचा मुलगा बागेत गेला की वाळूतून हलत नाही. त्याला मुलांत ढकलायचं का? नाही. पण म्हणून बाकावर फोन बघत बसायचं, असंही नाही.

आधी नीट बघा. शेजारचं पोर बादली पालथी घालतं तेव्हा हा तिरक्या नजरेने बघतो का? थोड्या वेळाने स्वतःही तसंच करतो का? संशोधक मिल्ड्रेड पार्टेन यांनी १९३२ साली मुलांच्या खेळाचे प्रकार मांडले, त्यात नुसतं बघणं आणि शेजारी बसून आपापलं खेळणं हेही धरलं होतं. तुमचा मुलगा खेळतोच आहे. व्हिडिओ कॉलवर 'मित्र झाला की नाही?' विचारणाऱ्या आजी-आजोबांनाही हे सांगा.

सुरुवात घसरगुंडी, झोपाळा, सी-सॉ यांनी करा. बोलावं कमी लागतं, आणि पुढे काय होणार ते आधीच माहीत असतं. पकडापकडी मोठ्यांना सोपी वाटते, पण तिथे राज्य सारखं बदलतं, कुणीही कुठूनही अंगावर येतं, वर आरडाओरडा. ती राहू दे. गर्दी नसेल तेव्हा जा, एकाच मुलाला बोलवा, आणि मजा चालू असतानाच निघा. निघायच्या आधी 'अजून तीन झोके' असं मोजून सांगा.

त्या दुसऱ्या मुलालाही थोडं शिकवा : 'हाक मारून त्याने बघितलं नाही, तर समोर जा आणि बादली दाखव.' ऑटिझमवर संशोधन करणाऱ्या कॉनी कसारी आणि सहकाऱ्यांच्या २०१२ सालच्या शाळांमधल्या अभ्यासात, एकट्या ऑटिस्टिक मुलाला शिकवण्यापेक्षा वर्गातल्या मुलांना तयार करण्याचा फायदा जास्त दिसला. तेव्हा मधल्या सुट्टीत एखादा ठरलेला खेळ घेता येईल का, हे शिक्षकांना जरूर विचारा.

बाहेर दुसरी भाषा बोलतात म्हणून घरात मराठी बंद करा, असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. दोन भाषांमुळे ऑटिस्टिक मुलांचं बोलणं मागे पडतं, असं आजवरच्या अभ्यासांत दिसलेलं नाही. फक्त 'माझी पाळी', 'थांब' आणि 'नको' हे बागेतली मुलं बोलतात त्या भाषेत घरी खेळता खेळता पक्कं करून घ्या. त्यातही 'नको' सगळ्यात आधी, कारण ते म्हणता आलं की खेळातून सुटण्यासाठी ढकलावं किंवा चावावं लागत नाही. आणि त्याने ते तुम्हालाच म्हटलं, तर त्या दिवशी मुकाट्याने घरी चला.