ऑनलाइन दुकान काढताय? आधी गिऱ्हाईक ठरवा

या सदरासाठी अलीकडे आलेल्या बहुतेक पत्रांत एकच काळजी आहे: नेमकं काय विकू? वेबसाइट, लोगो, दुकानाचं नाव हे सगळं नंतर बदलता येतं. पण गिऱ्हाईक कोण हे न ठरवता माल भरला की तो घरात पडून राहतो आणि भांडवल अडकतं. त्यात पुष्कळदा घरातल्या कुणाच्या तरी बचतीचे पैसे असतात, म्हणून यावेळी सगळी जागा याच प्रश्नांना देते आहे.

पन्नास हजार रुपये बाजूला काढले आहेत. मोबाइल कव्हर, इमिटेशन ज्वेलरी आणि टी-शर्ट यांपैकी सध्या सर्वांत जास्त काय खपतं? (लातूर)

तिन्ही भरपूर खपतं, आणि तिन्हींत तुम्ही पडू नये असं मला वाटतं. कारण हिशेबात दिसेल. 299 रुपयांची एक वस्तू धरू. माल 110, पाकीट आणि टेप 15, कुरिअर 70, पेमेंट गेटवेचे 6, आणि जाहिरात देऊन एक ऑर्डर मिळवायला 80. हातात राहिले 18 रुपये, तेही जीएसटी न धरता. आता कुणी कॅश ऑन डिलिव्हरीने मागवलं आणि दारात आलेलं पार्सल घेतलंच नाही. जाण्याचे 70, परत येण्याचे 70, पाकिटाचे 15, जाहिरातीचे 80 असे 235 रुपये गेले. म्हणजे एका परत आलेल्या पार्सलात तेरा विक्रींची कमाई गेली. यातले आकडे तुमच्या मालाप्रमाणे बदला, पण कागदावर हिशेब असाच मांडा. मोठा विक्रेता हजारो नग एकदम उचलतो, कुरिअरचा दर पाडून घेतो, त्याला हे झेपतं. पन्नास हजारांत नाही झेपत.

तुमच्या हाताशी दुसरंच काहीतरी आहे. लातूरला अकरावी-बारावी आणि नीटच्या शिकवण्यांसाठी बाहेरगावची हजारो मुलं खोली घेऊन राहतात. जून आला की नांदेड, परभणी, बीडचे आईबाप गादी, बादली, मच्छरदाणी, टेबल लॅम्प, घडीचं टेबल गोळा करत उन्हात बाजार हिंडतात. हा सगळा संच घरबसल्या निवडून पैसे भरता आले आणि मूल खोलीवर पोचायच्या आत तो तिथं लागलेला असला, तर किती पालक हे घेतील? एक ऑर्डर 299 ची न राहता दोन-तीन हजारांची होते, पैसे आगाऊ येतात, कुरिअरऐवजी गावातला टेम्पो चालतो आणि दरवर्षी नवं गिऱ्हाईक आपसूक येतं. आधी माल भरू नका. दोन-तीन होस्टेलच्या मालकांशी बोला, मागच्या वर्षी मूल ठेवून गेलेल्या पालकांना विचारा की कोणती वस्तू आणायची राहून गेली होती.

वडिलांचं कोल्हापुरी चपलांचं दुकान आहे. ऑनलाइन बघितलं तर शेकडो लोक तेच विकतात. आम्ही वेगळं काय करायचं? (कोल्हापूर)

कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन (वस्तू त्या भागातलीच असल्याची अधिकृत नोंद) मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांना मिळून. जून 2025 मध्ये मिलानला प्राडाच्या फॅशन शोमध्ये तशाच चपला दिसल्या, गदारोळ झाला आणि नंतर कंपनीला मूळ कारागिरीचा उल्लेख करावा लागला. म्हणजे नाव जगाला माहीत आहे. पण नाव जितकं मोठं तितकी त्या नावाखाली रेक्झिनची चप्पल विकणाऱ्यांची गर्दीही मोठी. ‘अस्सल कोल्हापुरी’ असं लिहून तुम्ही उठून दिसणार नाही, कारण नकली मालावरही तेच लिहिलेलं असतं.

दुकानात एक वही ठेवा. महिनाभर त्यात फक्त त्या लोकांची नोंद करा, जे आत आले, चपला घालून पाहिल्या आणि काही न घेता गेले. का गेले, एवढंच लिहायचं. माझा अंदाज सांगते, खरं-खोटं वही ठरवेल: पुष्कळ जण मापापायी गेलेले असतील. पुढून रुंद पाऊल असलेले पुरुष, 11-12 नंबरवाले, आणि मोठं पाऊल असलेल्या बायका. या बायकांना तर नाइलाजाने पुरुषांचीच चप्पल घ्यावी लागते. मॉलमधल्या ब्रँडला हे गिऱ्हाईक परवडत नाही, कारण त्याला प्रत्येक मापाचा साठा करावा लागतो. तुमच्याकडे कारागीर आहे, तो मापावर बेततो. तुमचं दुकान या लोकांसाठी काढा.

मापाची अडचण कशी सोडवायची तेही सांगते, कारण ऑनलाइन पादत्राणांत परतीचा खर्च मापातच जातो. गिऱ्हाइकाला ए-फोर कागद जमिनीवर ठेवून त्यावर उभं राहायला सांगा, बसून नाही, कारण अंगाचं वजन पडलं की पाऊल पसरतं. पेन्सिल उभी धरून दोन्ही पावलांची बाहेरची रेघ काढायची, पंजाच्या सर्वांत रुंद भागावर टेपने गोल माप घ्यायचं, आणि पूर्ण कागद दिसेल असा वरून सरळ फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचा. कागद 29.7 बाय 21 सेंटिमीटरचा असतो, तेव्हा फोटोवरून प्रमाण काढता येतं. पाऊल कागदाबाहेर गेलं तर दोन कागद चिकटवायचे. नवी चप्पल पहिले काही दिवस चावणार, तेल कुठं लावायचं, पावसात घालायची नाही, हे चिठ्ठीवर लिहून जोडासोबत पाठवा. यातून परत येणारे जोड कमी होतील.

कापशी, पुकारी, बक्कलनाळी, सगळे प्रकार पहिल्याच दिवशी मांडू नका. दोन घ्या. बांधणीचे जवळून फोटो द्या, चामड्याच्या वादीची शिवण दिसली पाहिजे. मानांकनाचा शिक्का वापरायचा तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते, त्यासाठी चर्मोद्योग महामंडळाच्या कार्यालयात जा. किंमत ठरवताना हे लक्षात असू द्या की सप्टेंबर 2025 पासून 2,500 रुपयांपर्यंतच्या जोडाला 5 टक्के जीएसटी आहे आणि त्यावर गेलं की 18 टक्के. आणि एक विनंती: मापावर बेतलेल्या जोडाला जास्त दर लावाल, तो लावाच, पण त्यातला वाटा कारागिराला द्या. तो दुसरीकडे गेला तर तुमच्याकडे विकायला काही उरणार नाही.

मुलांना मराठी शिकवणारे लाकडी मुळाक्षरांचे संच विकायचा विचार आहे. गुगल ट्रेंड्सवर शोधलं तर पुरेसा डेटा नाही असं येतं. म्हणजे मागणीच नाही का? (पुणे)

तसा अर्थ नाही. लोक गुगलवर काय शोधतात ते ट्रेंड्स दाखवतं, पण त्यातला 0 ते 100 हा आकडा शोधांची संख्या नसतो. निवडलेल्या काळात जिथं सर्वांत जास्त शोध झाला तिथं 100, बाकी त्याच्या तुलनेत. ऋतू ओळखायला ते उत्तम आहे, लहान बाजार मोजायला नाही. शिवाय अडचणीत असलेला माणूस तुमच्या वस्तूचं नाव टाइप करत नाही, तो स्वतःची अडचण टाइप करतो.

आता अडचण कोणाची आहे ते बघू. 2020 च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. पुण्यात, मुंबईत सीबीएसई शाळेत जाणारं तमिळ, बंगाली किंवा हिंदी घरातलं मूल आज मराठीचा अभ्यास घेऊन घरी येतं, आणि आईवडिलांना ‘ळ’ वाचता येत नाही. मराठी घरांना तुमचा संच कौतुकाचा वाटेल, या घरांना तो गरजेचा आहे. गरजेपोटी घेणारा किमतीसाठी फार घासाघीस करत नाही. त्यांच्यासाठी उच्चाराचा क्यूआर कोड हवा, सूचना इंग्रजीत हव्यात, आणि शब्द शाळेच्या पुस्तकातले हवेत. परदेशातल्या मराठी शाळा हा दुसरा गट. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या शाळा आहेत. पण तिकडे नंतर वळा.

दोन गोष्टी सुतारकाम सांगण्याआधी बघा. एक, 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना सवलत आहे, तेव्हा तुमचा सुतार त्यात बसतो का ते तपासा. नसेल बसत तर छापील कार्डं आणि पुस्तिका यांपासून सुरुवात करता येईल का, याचा विचार करा. दुसरी गोष्ट आकड्यांची: महिन्याला 30 हजार सुटायला हवेत आणि एका संचामागे 300 सुटतात, तर महिन्याला 100 नवी घरं लागतील. मुळाक्षरं एकदाच शिकतात, तेच घर पुन्हा येणार नाही. म्हणून पहिली, दुसरी, तिसरी अशी मालिका सुरुवातीपासून डोक्यात असू द्या. नमुना एकच करा, दोन-तीन सोसायट्यांच्या ग्रुपवर दाखवा आणि आगाऊ पैसे मागा. ‘छान आहे’ म्हणणारे मोजू नका, पैसे भरणारे मोजा.

ताई, माझे डिंकाचे आणि अळिवाचे लाडू सगळ्यांना आवडतात. घरगुती खाद्यपदार्थांत आता जागा उरली आहे का? (सातारा)

‘घरगुती खाद्यपदार्थ’ यात नाही उरली. बाळंतिणीच्या खाण्यात अजून आहे, आणि तुमचे दोन्ही लाडू नेमके तिथलेच आहेत. नोकरीच्या गावी बाळंतपण होतं, आजी चार दिवस येऊन परत जाते, डिंक तळायला घरात कुणी नसतं. इथं खाणारी एक असते आणि पैसे भरणारी दुसरीच: तिची बहीण, जाऊ, ऑफिसातल्या मैत्रिणी. त्यामुळे तुमच्या पानावर भेट म्हणून पाठवायची सोय आणि चिठ्ठी लिहायची जागा हवी, आणि ‘या तारखेच्या आठवड्यात पोचवा’ असं सांगता आलं पाहिजे.

यातली अवघड बाजूही ऐका. हे गिऱ्हाईक दीड-दोन महिन्यांत निघून जातं. पुढची ऑर्डर तिच्या शिफारशीतूनच आली पाहिजे, म्हणून एकही डबा फुटका जाऊन चालणार नाही. लाडू एकेक कागदी वाटीत, डबा गच्च भरलेला, हलवला तर आवाज यायला नको. स्वतःच्याच पत्त्यावर नागपूरहून किंवा मुंबईहून एक पार्सल उलट मागवून उघडून बघा. प्रत्येक घाण्यातले दोन-तीन लाडू बाजूला ठेवून दर आठवड्याला एक चाखा, तूप-खोबऱ्याला खवट वास कधी लागतो ते कळेल. मुदत त्याच्या बरीच अलीकडची छापा. एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी पहिल्या विक्रीआधी हवी. डब्यावर घटक, निव्वळ वजन, किंमत, तारीख, पत्ता आणि तक्रारीसाठी फोन. ‘दूध वाढतं’, ‘कंबरदुखी जाते’ असं काही लिहू नका. असे दावे सिद्ध करावे लागतात, आणि बाळंतीण बाई ते विश्वासाने वाचत असते.

बांबू आणि कापडाचे आकाशकंदील करतो. फक्त दिवाळीपुरता धंदा ऑनलाइन परवडेल का? (नाशिक)

आधी खोका मोजा. कुरिअरवाले लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुधा 5,000 ने भागतात आणि खरं वजन व हे वजन यांतलं जास्त असेल ते लावतात. 30 बाय 30 बाय 30 चा खोका म्हणजे 5.4 किलो, आतला कंदील अर्धा किलोचा का असेना. तोच घडीचा करून 40 बाय 30 बाय 4 च्या खोक्यात बसवला तर एक किलोच्या आत. घडीचा कंदील जमला तरच ऑनलाइनचा विचार करा.

हंगामाचं म्हणाल तर वस्तू बदलू द्या, घर तेच ठेवा. इंदूर, वडोदरा, हैदराबाद, बंगळुरूच्या मराठी घरांना कंदिलासारखंच घडीचं मखर, गुढीचं साहित्य, संक्रांतीचं वाण जवळ मिळत नाही. महाराष्ट्रात 2018 पासून थर्माकोलवर बंदी आहे, त्यामुळे बांबूच्या मखराला इथंही गिऱ्हाईक आहे.

अमेरिकेत दिवाळी फराळ पाठवण्याचं दुकान काढावं का? आणि जीएसटी लगेच लागतो का? (ठाणे)

आत्ता नको. 29 ऑगस्ट 2025 पासून अमेरिकेने 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलांची शुल्कमाफी काढून घेतली आहे. शिवाय विक्रीसाठीच्या खाद्यपदार्थांना तिथल्या एफडीएची (अन्न-औषध प्रशासनाची) नोंदणी आणि पूर्वसूचना लागते, इथं आयात-निर्यात कोड लागतो. नव्या माणसाने उलट दिशेने बघावं: न्यू जर्सीतल्या मुलाला ठाण्यातल्या आईबाबांकडे फराळ, उटणं, पणत्या पोचवायच्या असतात. पैसे तिकडून, पोचवणं इथं.

स्वतःच्या वेबसाइटवरून करपात्र माल राज्याबाहेर जाणार असेल तर वार्षिक उलाढालीची 40 लाखांची मर्यादा धरू नका, जीएसटी नोंदणी पहिल्यापासून लागते. ठरावीक हस्तकला वस्तूंना अटींसह सूट आहे. राज्यातल्या राज्यात ॲमेझॉनसारख्या मार्केटप्लेसवर विकणाऱ्या छोट्या विक्रेत्यांना ऑक्टोबर 2023 पासून सवलत आहे. सीएला एकदा कागद दाखवाच.

घरच्या शेतातली हळद विकतो. चार महिन्यांत 22 ऑर्डर आल्या, जवळजवळ सगळ्या ओळखीच्यांच्या. थांबू की चालू ठेवू? (सांगली)

ओळखीच्यांच्या ऑर्डरी मागणीत धरू नका, ती माया आहे. हळद चांगली आहे यात मला शंका नाही, पण सांगलीच्या हळदीला मानांकन असल्याने ‘सांगलीची शुद्ध हळद’ म्हणणारे खूप आहेत, आणि घरात पाव किलो हळद कितीतरी महिने पुरते.

जास्त हळद कुठं लागते ते शोधा. लग्नातली हळद, आणि खंडोबाचा भंडारा. ज्या घरांत तळी भरतात तिथं भंडारा अंगावर, कपाळावर, डोळ्यांजवळ उधळला जातो, आणि रंग घातलेल्या स्वस्त पुडीने आग होते अशी तक्रार तुम्हीही ऐकली असेल. त्या घरांसाठी पुडी काढा, त्या बॅचची प्रयोगशाळेतली तपासणी करून अहवाल पानावर लावा. चंपाषष्ठीच्या महिनाभर आधी आगाऊ ऑर्डर घ्या. ओळखीबाहेरच्या दहा घरांनीही पैसे भरले नाहीत, तर यंदाची हळद सांगलीच्या बाजारात घाला आणि वेबसाइटची मुदत वाढवू नका.