डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलवर खेळायचा रोल-प्लेइंग गेम) मध्ये स्पेल स्लॉटऐवजी स्पेल पॉइंट्सचा ऑप्शनल नियम वापरावा का?

स्लॉट म्हणजे प्रत्येक लेव्हलचे स्पेल (मंत्र) दिवसात किती वेळा टाकता येतील याचा ठरलेला कोटा, आणि पॉइंट्स म्हणजे सगळ्या स्पेल्ससाठी एकच खातं. सोर्सरर आणि विझार्ड हे दोन्ही जादू करणारे क्लास, पण माझं मत विचाराल तर सोर्सररला बिनधास्त द्या, विझार्डला नको. २०१४ च्या डंजन मास्टर्स गाईडमध्ये हा नियम आहे, पहिल्या लेव्हलच्या स्पेलला २ पॉइंट, दुसऱ्या ३, तिसऱ्या ५ असं. आता पाचव्या लेव्हलचा विझार्ड घ्या, त्याला मिळतात २७ पॉइंट, म्हणजे स्लॉटने जिथे दोनच फायरबॉल (तिसऱ्या लेव्हलचा आगीचा स्पेल) पडले असते (आर्केन रिकव्हरी, म्हणजे विझार्डला विश्रांतीत परत मिळणारे स्लॉट, सोडून) तिथे पाच पडतात आणि वर २ पॉइंट शिल्लक, मग बारक्या स्पेल्सकडे कोण ढुंकून बघतंय! सहाव्या लेव्हलच्या स्पेलपासून पुढे प्रत्येक लेव्हलचा एकच, लाँग रेस्ट (पात्रांची रात्रभराची विश्रांती) होईपर्यंत, ही अट बरी आहे पण बहुतेक कॅम्पेन (अनेक बैठका चालणारी खेळाची गोष्ट) तिथवर पोचतच नाहीत.

सोर्सररचं वेगळंय. त्याच्याकडे सोर्सरी पॉइंट्स आधीच असतात, स्लॉट मोडून पॉइंट आणि पॉइंट मोडून स्लॉट हा उद्योग चालूच असतो, म्हणून बरेच फॅन्स दोन्ही खाती सरळ एकत्रच करतात आणि मलाही ते पटतं. हिशोब जड होतो म्हणतात ते काही खरं नाही, एकच आकडा तर वजा करायचाय. फक्त डीएमने (खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरने) दिवसाला एकच मारामारी ठेवली तर सगळे पॉइंट तिथेच ओतले जाणार, वाट लागलीच समजा.