तेलाची कुपी, घासणी आणि फणेरपेटी

प्रश्न : मी वस्तुरचनेचे शिक्षण संपवून सावंतवाडीला घरी परतले आहे. आमच्या घरचे खोबरेल आणि उटणे आम्ही पर्यटकांना विकतो. प्राचीन इटलीतील एट्रुस्कन लोकांच्या अंगनिगेच्या वस्तूंवरून प्रेरणा घेऊन कुपी, घासणी, आरसा आणि पेटी असा संच करावा, असे मनात आहे. त्यांच्याकडून नेमके काय घ्यावे, आणि कोकणच्या हवेत ते टिकेल का?
– एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : आर्नो आणि टायबर या नद्यांच्या दरम्यान, साधारणपणे इ. स. पू. 8व्या ते 3ऱ्या शतकात नांदलेल्या या लोकांच्या अंगनिगेविषयी आपल्याला जे कळते, ते मुख्यतः थडग्यांत मृतांसोबत ठेवलेल्या वस्तूंवरून. म्हणून आधी एक इशारा देतो. त्यांच्या काही आरशांवर ‘सुथिना’ अशी अक्षरे कोरलेली असतात. ती दिसतात देखणी, पण त्यांचा अर्थ ‘थडग्यासाठी’ असा आहे. छायाचित्रात पाहून ती उटण्याच्या डब्यावर उतरवू नका.

नक्षीपेक्षा त्या वस्तूंमागची हाताची कृती घ्यावी, असे माझे मत आहे. ‘अ‍ॅरिबॅलॉस’ ही मुठीत मावणारी गोल कुपी त्यांनी ग्रीसमधील कोरिंथहून आणवली आणि नंतर स्वतःही घडवली. तिच्या अरुंद तोंडाभोवती तबकडीसारखा रुंद, सपाट काठ असतो, त्यामुळे तेल थेंबाथेंबाने उतरते आणि त्याच काठाने ते अंगावर पसरताही येते. शिवाय वादी बांधून ती मनगटाला अडकवता येते. अडचण एवढीच, की ऑलिव्हचे तेल बऱ्याच थंडीतही पातळ राहते, तर आपले खोबरेल 24 अंश सेल्सिअसच्या आसपास थिजू लागते. पौषातल्या पहाटे तुमच्या गिऱ्हाइकाला कुपीत काडी घालून तेल उकरावे लागेल. तेव्हा काठ तसाच ठेवून तोंड बोट जाईल एवढे रुंद करा, किंवा तिळाचे तेल भरा. इटलीतील कियुसी येथील इ. स. पू. 2ऱ्या शतकातील एका थडग्यात अलाबास्टर या मऊ, फिकट दगडाच्या कुपीत लेप शिल्लक राहिलेला होता, आणि रासायनिक तपासणीत त्यात पाइनची राळ, मस्तकी हा सुगंधी डिंक आणि बहुधा शेवग्याच्या बियांचे तेल असल्याचे दिसले. शेवगा तुमच्याही परसात असेलच.

धातूबाबत सांगायचे तर पितळेच्या किंवा काशाच्या कुपीत खोबरेल काही दिवस राहिले की तेलातील आम्लांमुळे ते हिरवट होते आणि खाऱ्या हवेत बाहेरूनही डाग धरतात. आतून कल्हई करून घ्या, नाहीतर सरळ काच किंवा झिलईची माती वापरा.

त्यांची घासणी म्हणजे पन्हळीसारखी वाकलेली धातूची पट्टी. तिने अंगावरचे तेल आणि मळ खरवडून काढत आणि तो पन्हळीत गोळा होई. आपल्याकडे जास्तीचे तेल उटणेच टिपून घेते, म्हणून ती जशीच्या तशी संचात घालण्यात मला अर्थ दिसत नाही. मात्र करवंटीच्या उभ्या तुकड्याला हाच बाक मुळात असतो. त्याच्या कडा नीट घासून गुळगुळीत केल्या, तर उटणे निपटायला तो हातात छान बसेल.

पेटीबाबत मात्र तुम्हाला इटलीला जाण्याची गरज नाही. रोमजवळच्या पालेस्त्रिना गावी 18व्या शतकात सापडलेली, काशाची आणि सुमारे पाऊण मीटर उंचीची ‘फिकोरोनी’ पेटी आज रोमच्या व्हिला जुलिया संग्रहालयात आहे. तिच्यावर दिंदिया माकोल्निया हिने ती मुलीला दिल्याचे कोरलेले आहे. तो लेख लॅटिन आहे आणि गावही लॅटिन लोकांचे, पण अशा पेट्यांत आरसे, फण्या आणि कुप्या ठेवण्याची रीत एट्रुस्कन लोकांसारखीच. झाकणात आरसा आणि खाली फणी, मेण, कुंकू असलेली आपल्या आज्यांची फणेरपेटी तरी याहून वेगळी काय आहे? तुमच्याच गावातल्या लाखकाम करणाऱ्या चिताऱ्यांकडून ती करून घ्या. एट्रुस्कन आरशाचा चेहऱ्याकडचा भाग किंचित फुगीर असे, त्यामुळे लहान आरशातही चेहरा पुरा मावे. तेवढी युक्ती झाकणातल्या आरशासाठी जरूर उचला.

लाकूड पावसात फुगते, म्हणून झाकणाला थोडी मोकळीक ठेवा आणि पहिला नमुना आषाढात उघडून पाहिल्याशिवाय पुढची मागणी देऊ नका.