उठायची वेळ धरा, झोप मागोमाग येते

प्रश्न : मुलगा पंधरा वर्षांचा, एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) आहे. दहाला दिवे घालवतो, पण एकपर्यंत तळमळतो. सकाळी त्याला उठवणं म्हणजे महाभारत. झोपेची गोळी नको आहे. – एक आई, नाशिक

उत्तर : हा आळस नव्हे. वयात येताना शरीराचं घड्याळ उशिरा चालू लागतं. एडीएचडीच्या बऱ्याच मुलांत जास्तच. झोप आलेली नसताना दहाला अंथरुणात पाठवलं, की अंथरूण म्हणजे तळमळायची जागा, एवढंच तो शिकतो. म्हणून झोपायच्या वेळेवरून भांडणं बंद करा, उठायची वेळ धरा. सुरुवात सुट्टीत करा : रोज आठला उठणं, रविवारीसुद्धा. उठल्याबरोबर अर्धा तास गच्चीत; दूध, पेपर, काय ते तिथेच. ट्यूबलाइटच्या खोलीत उजेड दोन-तीनशे लक्स (उजेड मोजायचं एकक) असतो, बाहेर ढगाळ दिवशीही काही हजार. घड्याळ अलीकडे ओढतो तो हा उजेड. मग दर दोन-तीन दिवसांनी उठणं आणि झोपणं, दोन्ही पंधरा मिनिटं अलीकडे. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते, तेव्हा शाळा सुरू व्हायच्या आत तिथवर पोचायचं. दुपारी झोप नको.

प्रश्न : वजनदार पांघरूण घ्यावं का? – एक वडील, सोलापूर

उत्तर : काहींना बरं वाटतं, पण एडीएचडीच्या मुलांबाबत ठोस पुरावा तुटपुंजा आहे. आधी घरच्या दोन गोधड्या घालून बघा.

प्रश्न : रात्रीच माझं डोकं चालतं. पडलं की उद्याचं सगळं आठवतं. मोबाइल घेतला की थांबतं. – अकरावीतली विद्यार्थिनी

उत्तर : थांबत नाही गं, पुढे ढकललं जातं. जेवणाआधी दहा मिनिटं वही घेऊन बस : जर्नल, पीटीचे बूट, मैत्रिणीशी झालेलं भांडण, सगळं उतरव. अंथरुणात नाही, टेबलाशी. वीसेक मिनिटांत झोप नाही आली तर ऊठ, मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं वाच, पेंग आली की परत जा. मोबाइल हॉलमध्ये चार्जिंगला. आईबाबांचेही तिथेच, नाहीतर हा नियम आठवडाभरही टिकत नाही. चहा-कॉफी दुपारनंतर बंद. एवढ्याने नाही जमलं तर निद्रानाशाची वर्तनोपचार पद्धत येणाऱ्या मानसशास्त्रज्ञांकडे जा. थोडक्या बैठकांत काम होतं.

प्रश्न : मुलगा घोरतो, रात्रभर पाय झाडतो. हेही एडीएचडीमुळेच? – एक आई, कोल्हापूर

उत्तर : तसं धरून चालू नका. घोरण्यासाठी कान-नाक-घसा तज्ज्ञांना टॉन्सिल, अॅडेनॉइड (नाकामागच्या गाठी) दाखवा. पायांसाठी बालरोगतज्ज्ञांना विचारून फेरिटिनची, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याची, तपासणी करा. एडीएचडीची गोळी चालू असेल तर तिची वेळही त्यांना सांगा. मनाने बंद मात्र करू नका.