ऑनलाइन प्रोजेक्ट मॅनेजमेंट टूल घेऊनही टीमची कामं का रखडतात?

तुम्ही लिहिलंय की टीम आठ जणांची आहे, काही महिन्यांपूर्वी ट्रेलो (प्रत्येक कामाचं कार्ड करून ते बोर्डावर रकान्यांत लावायचं ऑनलाइन टूल) सुरू केलं, बोर्डावर दीडशेच्या वर कार्डं साठली, तरी ‘कुठवर आलं?’ हा प्रश्न अजून व्हॉट्सॲपच्या ग्रुपवरच विचारला जातो. आता जिरा किंवा आसना यांसारखं दुसरं टूल घ्यावं का, असा तुमचा प्रश्न आहे.

इतक्यात टूल बदलू नका. तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवरून दोष टूलचा वाटत नाही. एकाच वेळी फार कामं उघडी आहेत आणि खरी माहिती बोर्ड आणि ग्रुप अशा दोन ठिकाणी विखुरली आहे. या दोन गोष्टी तशाच घेऊन जिरात गेलात तर तिथेही हीच गर्दी होईल.

आधी एक हिशेब करा. सुरू झालेली पण अजून पूर्ण न झालेली कार्डं (तपासणीत थांबलेलीही) आज किती आहेत ते मोजा. मग गेल्या चार आठवड्यांत दर आठवड्याला सरासरी किती कार्डं पूर्ण झाली ते पाहा. पहिल्या आकड्याला दुसऱ्यानं भागलं की एक काम सुरू झाल्यापासून संपेपर्यंत सरासरी किती आठवडे लागतात ते कळतं. हा लिटलचा नियम. जॉन लिटल यांनी १९६१ साली त्याची सिद्धता मांडली आणि कामाचा ओघ साधारण स्थिर असेल तर तो रांगेत थांबणाऱ्या कोणत्याही गोष्टीला लागू होतो. समजा २४ कार्डं सुरू आहेत आणि आठवड्याला ६ संपतात, तर एका कामाला सरासरी चार आठवडे. संपण्याचा वेग तोच ठेवून सुरू असलेली कार्डं १२ वर आणली, तर दोन आठवडे. कुणीही जास्त तास बसलेलं नाही, तरी मागणाऱ्याला काम निम्म्या वेळात मिळतं. ‘कमी कामं उघडली तर उत्पादन घटेल’ ही भीती सगळ्यांना वाटते. पण २४ पैकी निम्म्याहून जास्त कार्डांना रोज कुणी हातही लावत नसतो. ती उत्तराची, मंजुरीची किंवा फाइलची वाट पाहत पडलेली असतात.

म्हणून पहिली गोष्ट मर्यादेची. आठ जणांसाठी ‘सुरू’ मध्ये १० ते १२ आणि ‘तपासणी’ मध्ये ३ कार्डांपासून सुरुवात करा. ट्रेलोत हा आकडा सरळ रकान्याच्या नावातच लिहा: ‘सुरू (१०)’. जिराच्या बोर्डात रकान्याला कमाल संख्या ठरवता येते, पण ती ओलांडली की फक्त रंग बदलतो, कार्ड टाकायला मज्जाव होत नाही. म्हणजे नियम शेवटी माणसांनीच पाळायचा. खरी कसोटी ‘तपासणी’ भरल्यावर लागते. अशा वेळी ज्याचं काम संपलंय त्यानं नवं कार्ड उघडायचं नाही, अडकलेल्या तीनपैकी एक तपासायला घ्यायचं. पुष्कळ टीमांत कामं तपासणीपाशीच तुंबतात, कारण तपासणारे एक-दोघेच असतात आणि तेच सर्वांत व्यग्र असतात. तपासू शकणारा आणखी एक माणूस तयार करणं हे कोणत्याही महागड्या प्लॅनपेक्षा जास्त उपयोगी पडतं.

रकाने पाच पुरतात: येणारी कामं, या आठवड्यात, सुरू, तपासणी, पूर्ण. ‘अडलेलं’ असा वेगळा रकाना मात्र करू नका. कार्ड तिथे गेलं की ते मुळात कुठे होतं हे हरवतं, आणि मर्यादा चुकवायला ती सोयीची पळवाट होते. कार्ड आहे त्याच रकान्यात ठेवा, त्याला लाल लेबल लावा आणि कमेंटमध्ये लिहा: कोणामुळे अडलंय, काय हवंय, पुन्हा कधी विचारायचं. लाल लेबल लागलेलं कार्डही मर्यादेत मोजायचं. टोचलं तरच ते सोडवलं जातं.

आता एका कार्डात काय असावं. नावात क्रियापद हवं. ‘वेबसाइट’ हे कार्ड नव्हे. ‘संपर्क पानावरचा फॉर्म दुरुस्त करणे’ हे कार्ड. त्याखाली ‘पूर्ण झालं म्हणजे काय’ याच्या दोन ते चार ओळी आणि फाइलची लिंक. आकार अर्ध्या दिवसापासून तीन दिवसांपर्यंत. त्याहून मोठं असेल तर फोडा, नाहीतर ते दोन आठवडे एकाच जागी बसेल आणि पुढे सरकतंय की नाही हे कुणालाच दिसणार नाही.

आणि जबाबदार माणूस एकच. आसना आणि जिरा मुळातच एका कामाला एकच नेमलेला माणूस मानतात. ट्रेलोत एका कार्डावर कितीही जण जोडता येतात आणि तिथेच घोळ होतो: तिघं जोडले की तिघांनाही वाटतं दुसरा बघतोय. तुमच्या बोर्डावर नियम करा की कार्डावर चेहरा एकाचाच असेल; बाकीच्यांना माहिती हवी असेल तर त्यांनी ते कार्ड ‘वॉच’ करावं, म्हणजे बदलांची सूचना त्यांनाही मिळते.

तारखांच्या बाबतीत मी जरा कडक आहे. बोर्डाबाहेरचं कुणी खरोखर वाट पाहत असेल तरच कार्डाला तारीख द्या. प्रत्येक कार्डाला अंदाजे तारीख टाकली की महिन्याभरात तारखा उलटून निम्मा बोर्ड लाल होतो, डोळे त्या लालीला सरावतात आणि खरी मुदतही त्यातच बुडते.

व्हॉट्सॲपचं काय करायचं? ग्रुप बंद करण्याची गरज नाही, तसं करूही नका. बोलणं तिथे होऊ दे. मात्र दोन गोष्टी ठरवा. ग्रुपवर झालेला निर्णय त्याच दिवशी कार्डाच्या कमेंटमध्ये जायला हवा, आणि तो लिहिण्याची जबाबदारी कार्ड ज्याच्या नावावर आहे त्याची. दुसरं, कामाबद्दल ग्रुपवर विचारायचं असेल तर कार्डाची लिंक टाकूनच विचारायचं. यात सर्वांत जास्त फरक टीमप्रमुखाच्या वागण्यानं पडतो. त्यानं बोर्ड न बघता खासगी मेसेजवर ‘झालं का?’ विचारलं आणि तिथेच उत्तर मिळालं, की बोर्ड अद्ययावत ठेवायचं कुणाला काही कारणच उरत नाही. त्यानं प्रश्न कार्डाखालीच विचारावा आणि उत्तराची वाटही तिथेच पाहावी. दोन-तीन आठवडे हे नेटानं केलं तर सवय पडते.

नोटिफिकेशन पहिल्याच दिवशी आवरा. ठरलेल्या सेटिंगवर सोडलं तर मेलचा ढीग साठतो, लोक सगळेच मेल न वाचता उडवतात, आणि ज्यात त्यांचं नाव घेऊन विचारलेलं असतं तेही जातं. तीनच चालू ठेवा: काम माझ्या नावावर आलं, कुणी माझा उल्लेख केला, मुदत जवळ आली.

रोजची बैठक १५ मिनिटांची, बोर्ड समोर उघडून. माणसागणिक ‘काल काय केलं, आज काय करणार’ असं फिरू नका. त्यात प्रत्येक जण आपण किती व्यग्र आहोत ते सांगतो. उजवीकडून डावीकडे कार्डागणिक जा, कारण उजवीकडची कामं संपण्याच्या सर्वांत जवळ असतात. प्रत्येक कार्डाला प्रश्न एकच: हे पुढच्या रकान्यात जायला काय हवंय? ज्यांच्यात काही अडलेलं नाही ती कार्डं वगळा. वेगवेगळ्या वेळांत काम करणारे लोक असतील तर हीच फेरी कमेंटमधून लेखी करा.

आठवड्यातून एकदा अर्धा तास ‘येणारी कामं’ साफ करायला ठेवा. तुमच्या दीडशे कार्डांपैकी जी तीन महिन्यांत कुणी उघडली नाहीत ती अर्काइव्ह करा. डिलीट नको; ट्रेलोत अर्काइव्ह केलेलं परत आणता येतं, डिलीट केलेलं नाही.

ऑटोमेशन पहिला महिना टाळा. प्रक्रिया स्थिरावली की मग दर सोमवारी ठरावीक कार्ड आपोआप तयार होणं, ‘पूर्ण’ मध्ये गेल्यावर मुदतीवर खूण होणं, इतपत करा. ट्रेलोत ते ‘ऑटोमेशन’ या सोयीनं होतं; तिचं आधीचं नाव बटलर.

प्रगती मोजायचीच असेल तर वर सांगितलेला सरासरी कालावधी आणि ‘सुरू’ मधल्या सर्वांत जुन्या कार्डाचं वय, एवढे दोनच आकडे पाहा. माणसागणिक कार्डं मोजू नका. तसं केलं की एका कामाची पाच कार्डं होतात, अवघड काम कुणी उचलत नाही आणि दुसऱ्याला मदत करणारा माणूस कागदावर मागे पडलेला दिसतो.

टूल बदलण्याची वेळ कधी येते तेही सांगतो. ‘हे संपल्याशिवाय ते सुरूच होत नाही’ अशा लांब साखळ्या असतील, तर टाइमलाइन किंवा गँट तक्ता (कोणतं काम कधी सुरू होऊन कधी संपेल ते आडव्या पट्ट्यांनी दाखवणारा) लागतो. त्यासाठी आसना, जिरा किंवा मुक्त-स्रोत (ज्याचा कोड सर्वांना खुला आहे असं) ओपनप्रोजेक्ट बघा. डेटा स्वतःच्या सर्व्हरवर ठेवायचा असेल तर ओपनप्रोजेक्ट किंवा ट्रेलोसारखंच मुक्त-स्रोत वीकॅन. निवडण्याआधी सगळी कार्डं बाहेर काढून पाहा: कमेंट आणि जोडलेल्या फाइली सोबत येतात का, हे सहसा अडकल्यावरच तपासलं जातं. आणि ॲडमिन दोघं ठेवा, नाहीतर एकमेव ॲडमिन नोकरी सोडून गेला की कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला काढायचं, हेही हातात राहत नाही.