इंडियाना पाऊचमध्ये पुन्हा पुन्हा इन्फेक्शन होऊ नये म्हणून काय काळजी घ्यावी?

ऑपरेशनला चार महिने झालेत, कॅथेटर (बारीक नळी) घालून लघवी काढता, प्रत्येक कल्चरमध्ये (लघवीतले जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीत) जंतू सापडतात आणि अँटिबायोटिकचा कोर्स संपला की पुढच्या रिपोर्टमध्ये पुन्हा तेच, असं तुम्ही लिहिलंय. आधी रिपोर्टबद्दल सांगतो, कारण निम्मी धास्ती तिथूनच येते.

इंडियाना पाऊच म्हणजे मूत्राशयाऐवजी लघवी साठवायला आतड्याच्या तुकड्याची केलेली पिशवी. तिचं तोंड, म्हणजे छिद्र, पोटावर असतं आणि त्यातून रोज पाच-सहा वेळा कॅथेटर जातो. तिथल्या लघवीत जंतू सापडणं जवळपास ठरलेलंच. पट्टीच्या तपासणीत नायट्राइट आणि पांढऱ्या पेशीही बहुतेक वेळा दिसतातच. काही त्रास नसताना नुसत्या रिपोर्टवर औषध घेतलं तर जंतू थोडे दिवस जातात, आणि नंतर येतात ते त्या औषधाला दाद न देणारे. मग खरंच गरज पडते तेव्हा गोळ्या चालत नाहीत, इंजेक्शनवर यावं लागतं. म्हणून डॉक्टरांना स्पष्ट विचारा: "मला लक्षणं नाहीत, तरी औषध कशासाठी?" कधीकधी त्याला योग्य कारण असतं. प्रोटियससारखा खडे करणारा जंतू निघाला, गरोदरपण असलं किंवा पिशवीत दुर्बीण घालायची असली तर उपचाराचा विचार होतो.

खरं इन्फेक्शन म्हणजे थंडी वाजून ताप, बरगड्यांखाली पाठीत किंवा कुशीत दुखणं, पिशवीच्या जागी दुखणं, मळमळ, पिशवीचं एरवी कोरडं राहणारं तोंड अचानक गळू लागणं, लघवीत रक्त, म्युकस (आतड्याचा चिकट स्राव) एकाएकी वाढणं. नुसता वास आला किंवा लघवी गढूळ दिसली तर आधी पाणी वाढवा आणि पिशवी धुऊन बघा. कल्चरचा नमुना नवीन निर्जंतुक कॅथेटर घालून, पहिली थोडी लघवी सोडून देऊन घ्यायचा. रात्रीच्या बॅगेतली लघवी कधीच देऊ नका, आणि नमुना आतड्याच्या पिशवीतला आहे हे फॉर्मवर लिहायला सांगा.

आता प्रतिबंधाचं. माझ्या मते यात पहिलं स्थान घड्याळाला आहे, साबणाला त्यानंतर. १९७२ साली जॅक लॅपिडीस या यूरॉलॉजिस्टने मूत्राशयासाठी हेच मांडलं होतं: निर्जंतुक हातमोज्यांपेक्षा वेळेवर आणि पूर्ण रिकामं करणं जास्त मोलाचं. तुमच्या पिशवीलाही ते लागू आहे. दिवसा साधारण चार तासांनी, फार तर सहा. रात्री एकदा उठून. सर्जनने वेगळं वेळापत्रक दिलं असेल तर तेच पाळा. पोट जड वाटेल तेव्हा बघू, असं करू नका, कारण आतड्याला मूत्राशयासारखी नेमकी जाणीव नसते. दोन दिवस प्रत्येक वेळची लघवी मापाच्या भांड्यात मोजा. ४०० ते ५०० मिलीच्या वर जात असेल तर मधलं अंतर कमी करा. जास्त भरलेली पिशवी ताणते, गळते, दाब किडनीकडे जातो आणि क्वचित ती फुटतेही.

काढताना हात साबणाने धुवा, तोंडाभोवतीची त्वचा आतून बाहेर पुसा. जेली पाण्यात विरघळणारी हवी; व्हॅसलीन विरघळत नाही. कॅथेटर हळू सरकवा. तोंडाच्या आत लघवी अडवणारी झडप असते, तिच्यापाशी थोडा अडथळा लागतो, तिथे जोर न लावता दीर्घ श्वास घ्या आणि कॅथेटर बोटांत किंचित फिरवा. लघवी सुरू झाली की आणखी दोन-तीन सेंटिमीटर आत. धार थांबली म्हणजे पिशवी रिकामी झाली असं समजू नका. बऱ्याच जणांचं इथेच चुकतं. खोका, कूस बदला, पोटावर हलका दाब द्या. मग कॅथेटर सेंटिमीटर-सेंटिमीटर मागे घ्या आणि पुन्हा धार लागली की थांबा. तळाशी उरलेल्या त्या ५०-१०० मिलीतच जंतू वाढतात.

दुसरा मुद्दा म्युकस. आतडं ते बनवतच राहतं. त्याने कॅथेटरची भोकं बुजतात, लघवी मागे उरते आणि साचलेल्या म्युकसभोवती खडे जमतात. म्हणून धुणं चुकवू नका. आधी पिशवी रिकामी करा, मग ६० मिलीच्या कॅथेटर-टोकाच्या सिरिंजने कोमट नॉर्मल सलाईन सावकाश सोडा आणि आपोआप वाहू द्या किंवा हलक्या हाताने ओढा. जोरात ओढलं तर आतलं अस्तर भोकात खेचलं जातं. येणारं पाणी नितळ दिसेपर्यंत असं करत राहा. बहुधा तीन-चार वेळा पुरतं. सोडलेलं परत येत नसेल तर त्यावर आणखी भरू नका: कॅथेटर फिरवा, थोडा मागे घ्या, नाहीतर काढून धुऊन पुन्हा घाला. सुरुवातीच्या महिन्यांत रोज, पुढे आठवड्यातून दोन-तीनदा असा क्रम सहसा सांगतात. सलाईन घरी करायचं तर एक लिटर पाण्याला ९ ग्रॅम मीठ, वजन करून. दहा मिनिटं उकळा, झाकून ठेवा, २४ तासांनी उरलेलं फेकून द्या. धुण्याच्या पाण्यात अँटिबायोटिक घालणं हा डॉक्टरांनी ठरवायचा उपाय आहे.

एकदाच वापरायचा, आपोआप गुळगुळीत होणारा कॅथेटर पुन्हा वापरू नका. धुऊन वापरता येणारा असेल तर लगेच आतून-बाहेरून साबणाच्या पाण्याने धुवा, सिरिंजने खळखळवा, पूर्ण वाळवा. ओलाच डबीत बंद केला तर जंतूंना आयतंच घर मिळतं. कडक, चिरलेला, आतून धुरकट झाला की टाकून द्या.

हृदय किंवा किडनीमुळे पाण्यावर बंधन नसेल तर दिवसाला दोन ते अडीच लिटर प्या. क्रॅनबेरीवर भिस्त ठेवू नका. सगळं नीट करूनही लक्षणांसह इन्फेक्शन परत परत येत असेल तर खडा, उरणारी लघवी किंवा किडनीकडची अडचण शोधायला सोनोग्राफी किंवा सीटी करून घ्या. नुसता पुढचा कोर्स घेऊ नका.

ताप आणि थंडी असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. कॅथेटर आतच जात नसेल तर आडवे व्हा, दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा प्रयत्न करा, तरी जमलं नाही तर पिशवी तुडुंब भरायची वाट न पाहता इमर्जन्सी गाठा. पोटात अचानक असह्य दुखलं तरी तेच. खिशात एक कार्ड ठेवा: पिशवीचा प्रकार, तोंडाची जागा, कॅथेटरचा नंबर, किती तासांनी काढायचं. बेशुद्धावस्थेत दाखल झालात तर इतरांसारखा लघवीच्या जागेतून कॅथेटर घालून पिशवी रिकामी होणार नाही, हेही त्यावर ठळक लिहा.